नेट सगळ्यांना, टॅली निम्म्यांना

इचलकरंजीतल्या एका सूत व्यापाऱ्याच्या पेढीतलं हे नेटवर्क दुरुस्तीचं काम. जानेवारीची १० तारीख होती. तारीख मुद्दाम सांगतोय, कारण दुसऱ्या दिवशी डिसेंबरचा जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरणपत्र, भरायची मुदत संपणार होती आणि पेढीतल्या निम्म्या मशीनवर टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कंपनीच दिसेना. मालकांचा फोन आला तेव्हा आवाजात रागापेक्षा नवल जास्त होतं. "ओ दादा, नेट तर पळतंय की! यूट्यूब चालतंय, मेल जातंय. मग नेटवर्क बंद पडलं असं कसं म्हणायचं?"

हा प्रश्न मला वरचेवर ऐकू येतो. बाहेरचं नेट चालणं आणि पेढीतली मशीनं एकमेकांना दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुण्याला फोन लागतो म्हणून शेजारच्या खोलीतल्या माणसाला हाक ऐकू जाईलच, असं काही नाही. तिथे तर भिंतच नेमकी कुठे आली ते कुणाला कळत नव्हतं.

आधी मांडणी सांगतो. आतल्या खोलीत टेबलाखाली एक बरं मशीन आहे, त्याला सगळे सर्व्हर म्हणतात. विंडोज १० प्रो आहे. त्याच्यावर टॅलीचा डेटा असलेलं शेअर फोल्डर. त्याचा नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपी, हाताने घालून पक्का केलेला: १९२.१६८.०.१०. नेटवर्कवरचा प्रिंटर असाच पक्का, १९२.१६८.०.५० वर. बाकी चार मशीनं आहेत. एक अकाउंट्सच्या मॅडमचं, एक काउंटरवर, एक डिस्पॅचला आणि एक काकांचं. काका तीस वर्षं पेढीवर आहेत. टॅलीला हात लावत नाहीत, उधारीची एक्सेल तेवढी सांभाळतात आणि ती फाइलही त्याच शेअर फोल्डरात असते. शिवाय मालकांचा नवा लॅपटॉप, तो वायफायवर. बाकी सगळ्यांच्या तारा आठ पोर्टच्या एका स्विचमध्ये येतात, स्विचला जुना राऊटर जोडलेला आणि पत्ते वाटायचं काम त्या राऊटरचं. ही व्यवस्था पाच वर्षं कुरकुर न करता चालली होती.

३ तारखेला नवीन फायबरचं कनेक्शन आलं. कंपनीच्या माणसाने त्यांचा डबा भिंतीवर बसवला, त्याची एक तार जुन्या राऊटरच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरच्या नेटसाठीच्या भोकात, लावली आणि गेला. हे त्याने बरोबर केलं होतं. ७ तारखेला सकाळी काउंटरवर टॅली उघडेना. रीस्टार्ट केलं, उघडलं. दुपारी डिस्पॅचचं अडलं. ८ला मॅडमचं अडलं, रीस्टार्ट केल्यावर चाललं, पण तोवर काउंटरचं परत गेलं होतं. सगळ्यांची खात्री पटली की रीस्टार्ट हेच औषध. राज्याबाहेर जाणाऱ्या पन्नास हजारांवरच्या मालाला ई-वे बिल लागतं, गाडी दारात उभी, ड्रायव्हर चहा पिऊन कंटाळलेला, आणि डिस्पॅचचा मुलगा तिसऱ्यांदा मशीन रीस्टार्ट करतोय असं चित्र होतं.

९ तारखेला मालकांच्या भाच्याने हात घातला. पोरगं हुशार आहे, डिप्लोमा करतंय. काउंटरच्या मशीनवर नेटवर्क 'पब्लिक', म्हणजे परक्या जागेचं, म्हणून लागलंय हे त्याने बरोबर हेरलं, ते 'प्रायव्हेट' केलं. फरक पडला नाही. मग सगळ्या मशीनचा फायरवॉल बंद केला. तरी नाही. मग कुठल्यातरी व्हिडिओत बघून एसएमबी-१, म्हणजे फोल्डर शेअर करायची विंडोजची जुनी पद्धत, सुरू केलं. रीस्टार्ट केल्यावर दोन मशीनं चालली, त्याला वाटलं जमलं. रात्री बंद केलेली मशीनं सकाळी लावली तर परत तेच.

मी पोचलो तेव्हा काउंटर, डिस्पॅच आणि मालकांचा लॅपटॉप अडलेले होते, मॅडमचं ठीक होतं. काकांचंही ठीक आहे असं मला सांगितलं गेलं. ते 'ठीक' किती होतं ते पुढे येईल.

आता माझी चूक. मी आतल्या खोलीत सर्व्हरसमोर बसलो आणि काउंटरच्या पोराला ओरडून विचारलं, "आयपी बघ रे, शेवटचा आकडा किती?" तो म्हणाला, "सात." मी १९२.१६८.०.७ ला पिंग मारला, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक दिली. उत्तर आलं की हा पत्ता गाठता येत नाही. तार तुटली असणार असं माझ्या डोक्यात बसलं, कारण काउंटरची केबल जिन्याखालून जाते आणि तिथे उंदीर आहेत हे मला माहीत होतं. केबल ओढून बघितली. जॅकच्या मागे साल खरंच कुरतडलेली होती, लिंकही एक गिगाबिटऐवजी १०० एमबीपीएसवर लागत होती. शंभरला आठपैकी चारच तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. म्हणजे केबलमध्ये दोष होता हे नक्की. दोन्ही टोकांना नवीन जॅक क्रिम्प केले, टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागले, लिंक गिगाबिटवर आली. पाऊण तास गेला. पिंगचं उत्तर मात्र पहिल्यासारखंच. आणि पोर नेटवर क्रिकेटचा स्कोअर बघत बसलेलं. तार तुटली असती तर स्कोअर कुठून दिसला असता? हे मला पाऊण तास आधी सुचायला हवं होतं.

मॅडमनी मग एक गोष्ट सहज म्हणून सांगितली. "यांचं टॅली जातं तेव्हा प्रिंट पण जात नाही हो. सगळे माझ्याकडे येतात प्रिंट काढायला." हे ऐकून मी थांबलो. प्रिंटर काही विंडोज नाही. त्याला फायरवॉल, पब्लिक-प्रायव्हेट, एसएमबी यातल्या कशाशी घेणंदेणं नाही. त्याला फक्त पत्ता कळतो. तीच मशीनं सर्व्हरलाही मुकतात आणि प्रिंटरलाही, म्हणजे दुखणं शेअरिंगच्या खाली कुठेतरी आहे. मी काकांना विचारलं, "काका, तुमची प्रिंट निघते?" काका म्हणाले, "न्हाई की. पर माझी एक्सेल उघडती, म्हणून गप बसलोय."

उठून काउंटरवर गेलो आणि पत्ता स्वतः वाचला. १९२.१६८.१.७. शेवटचा आकडा सात, पोरगं खोटं बोललं नव्हतं. मी विचारायला हवा होता तो त्याच्या आधीचा. तिथे शून्य पाहिजे, एक होता. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खाजगी नेटवर्कसाठी राखून ठेवलेले आहेत, त्यामुळे घरोघरी ते सारखेच दिसतात आणि डोळा त्यांच्यावरून घसरतो. पण अशा पेढीत पहिले तीन आकडे सारखे असतील तरच मशीन समोरच्याला शेजारी मानतं. तिसरा आकडा बदलला की ते शेजारी राहत नाहीत. काउंटरचं मशीन सर्व्हरसाठीचं डेटाचं पाकीट सरळ स्विचवर न टाकता बाहेर जायच्या दारावर नेऊन देतं, आणि दारावरच्याला ०.१० हा पत्ता कुठला ते ठाऊक नसतं.

परत सर्व्हरवर येऊन १.७ ला पिंग मारला. उत्तर आलं! उलटीकडून, काउंटरवरून सर्व्हरला मारला तर नाही. पिंग एकाच बाजूने जातो हे पाहिलं की अनेकजण फायरवॉलकडे धावतात. फायरवॉल तर भाच्याने आधीच पाडून ठेवला होता. मी उत्तराच्या ओळीत शेवटी असलेला टीटीएल बघितला. १२७.

विंडोजचं मशीन उत्तर पाठवताना पाकिटावर १२८ लिहितं. वाटेत जितके राऊटर लागतील तितक्यांदा त्यातून एक-एक कमी होतो. एकाच स्विचवरच्या दोन मशीनमध्ये राऊटरचं काय काम? तिथे १२८ च दिसायला हवा. १२७ दिसला याचा अर्थ कुणीतरी मधे उभं राहून पाकीट अलीकडून पलीकडे देत होतं. तो आपला जुना राऊटर. त्याचा वॅन पोर्ट फायबरच्या डब्याकडून पत्ता घेतो, म्हणजे १ च्या बाजूला. पोटात तो ० वाला. ० कडून १ कडे जायची वाट त्याला ठाऊक आहे, म्हणून सर्व्हरची हाक पलीकडे पोचते आणि उत्तर त्याच्याच हातून परत येतं. १ कडून ० कडे येणाऱ्याला मात्र तो आत घेत नाही, बाहेरून येणाऱ्याला अडवणं हेच त्याचं काम.

यानंतर फार डोकं लागलं नाही. काउंटरवर आणि मॅडमच्या मशीनवर आयपीकॉन्फिग या कमांडने नेटवर्कची सविस्तर माहिती काढली. तिच्यात डीएचसीपी सर्व्हर नावाची एक ओळ असते, पत्ता कुणी दिला ते तिथे लिहिलेलं असतं. मॅडमकडे १९२.१६८.०.१. काउंटरवर १९२.१६८.१.१. दुसरा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला आणि फायबरच्या डब्याचं लॉगिनचं पान उघडलं.

पत्ता वाटायची पद्धत अशी की मशीन सुरू झालं की सगळ्यांना ऐकू जाईल अशी आरोळी ठोकतं, मला कुणी पत्ता देतंय का? जो देणारा असेल तो पुढे येतो. दोघे पुढे आले तर विंडोज साधारणपणे ज्याचं उत्तर आधी आलं त्याच्याकडून घेतं. रात्री एसटी स्टँडवर उतरल्यावर जो रिक्षावाला आधी बॅगेला हात घालतो त्याच्याच रिक्षात आपण बसतो, तसं. पेढीत आता असे दोन रिक्षावाले उभे होते आणि दोघांचे गाव वेगळे. सकाळी कुठलं मशीन कुणाच्या रिक्षात बसेल याचा नेम नाही. म्हणूनच रीस्टार्ट केलं की कधी चालायचं, कधी नाही. दोन्ही रिक्षा बाहेर नेटपर्यंत पोचवत होत्या, त्यामुळे नेट कुणाचंच गेलं नाही.

पण डबा आणि स्विच यांची तर गाठ पडायला नको. डब्याची तार राऊटरच्या वॅनमध्ये, तिथे भिंत. मग डब्याचा आवाज स्विचपर्यंत गेला कसा? कपाटावर चढून बघितलं. डब्यातून एकाऐवजी दोन तारा निघत होत्या. एक राऊटरला, ती बरोबर. दुसरी, अर्ध्या मीटरची पिवळी, सरळ स्विचच्या आठव्या पोर्टमध्ये.

मामांना बोलावलं. मामा म्हणजे पेढी उघडणं, झाडणं, चहा सांगणं, सगळं. ६ तारखेला संध्याकाळी इन्व्हर्टरची बॅटरी बदलायला कपाट ओढलं होतं, तेव्हा सगळं बंद होतं. "त्या डब्याची एक वायर मोकळी लोंबत हुती," मामा म्हणाले, "हिकडं भोक रिकामं हुतं. मला वाटलं कपाट ओढताना निसटली, म्हणून लावली." फायबर लावणाऱ्या माणसाने लॅपटॉपवर स्पीड बघायला ती तार डब्याला लावली असणार आणि निघताना तशीच ठेवली. मामांच्या जागी मी असतो तर कदाचित मीही तेच केलं असतं. निसटलेली तार जागेवर लावणं यात चूक कुठे आहे?

पिवळी तार काढली. मग एकेक मशीनवर जाऊन जुना पत्ता सोडायला लावून नवीन मागायला लावला. तारेवरची सगळी मशीनं ० वर आली. काउंटरला टॅली उघडलं, डिस्पॅचची प्रिंट निघाली. प्रिंटरच्या रांगेत तीन दिवसांचे एकूण चोवीस कागद अडकून होते, ते एकदम बाहेर पडायला लागले तेव्हा सगळे हसले.

काकांचं कोडं मात्र मला घरी जाऊ देईना. त्यांचं मशीनही १ वर होतं, प्रिंट अडली होती, मग शेअर फोल्डर उघडत कसं होतं? बाकीच्या मशीनवर ड्राइव्ह जोडताना सर्व्हरचा आकडी पत्ता घातलेला होता, मीच घातला होता, पाच वर्षांपूर्वी. काकांचं मशीन गेल्या वर्षी दुसऱ्या कुणी फॉरमॅट केलं आणि त्याने ड्राइव्ह सर्व्हरच्या नावाने जोडला. नावाने हाक मारली की विंडोज त्याच तारेवरच्या मशीनना विचारतं, यातला सर्व्हर कोण? आणि सर्व्हर आपला आयपीव्ही-६चा, म्हणजे पत्त्यांच्या नव्या पद्धतीतला, पत्ताही कळवतो. एफई-८० ने सुरू होणारे हे पत्ते मशीन स्वतःच स्वतःला देतं. तिथे ना राऊटर लागतो, ना वाटणारा, ० आणि १ चं भांडणही नाही. दोघे एकाच स्विचवर आहेत एवढं पुरतं. पडताळा म्हणून काकांच्या मशीनला पिवळ्या तारेसह परत १ वर नेलं आणि सर्व्हरला नावाने पिंग मारला. उत्तर आयपीव्ही-६ वरून आलं. तेच व्ही-४ ची, म्हणजे नेहमीच्या पत्त्याची, सक्ती करून मारला, गप्प. मालक म्हणाले, "आता परत कशाला बिघडवताय?" त्यांचं बरोबर होतं, पण हे न बघता मला झोप लागली नसती. तार काढून काकांना परत ० वर आणलं.

'पब्लिक'चा उलगडाही यातच झाला. विंडोज नेटवर्क ओळखतं ते मुख्यतः दारावरच्या राऊटरवरून. दार बदललं की त्याला वाटतं आपण नव्या गावात आलो, मग ते सावध होऊन नेटवर्क पब्लिक ठरवतं. भाच्याने जे हेरलं होतं ते खरंच होतं, पण तो ताप होता, रोग नव्हे. शिवाय काउंटरच्या मशीनला दुसऱ्याचं फोल्डर उघडायचं होतं, आपलं द्यायचं नव्हतं, त्यामुळे तिथल्या पब्लिकने तसंही फारसं काही अडत नव्हतं.

आता त्याने केलेले उपाय उलटे करणं आलं. सगळीकडे फायरवॉल चालू केला. एसएमबी-१ काढून टाकलं. हे मी आग्रहाने करतो. मे २०१७ मध्ये फाइली अडकवून खंडणी मागणारं वॉनाक्राय पसरलं ते याच जुन्या पद्धतीतल्या भोकातून, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ती मूळ बसवणीतून काढायला घेतली. वीस वर्षांपूर्वीचा स्कॅनर किंवा तसलं काही सांभाळायचं नसेल तर ती परत आणायचं कारण नाही. भाच्याला हे समोर बसवून सांगितलं. त्याने वहीत लिहून घेतलं, हे मला आवडलं.

राहिला मालकांचा लॅपटॉप. तो वायफायवर, आणि वायफाय आता दोन होते, जुन्या राऊटरचं आणि नव्या डब्याचं. डब्याचं जोरात चालतं म्हणून मालक त्याला जोडलेले, म्हणजे पुन्हा १ वर. जुन्या राऊटरचं वायफाय धरायला लावलं. पत्ता ० चा आला, प्रिंटर दिसला, पण फोल्डर तरी उघडेना. यावेळी संदेश वेगळाच होता: संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे पाहुण्याला प्रवेश नाही. मालकांनी विचारलं, "कुठली संस्था? पेढी माझी हाय!"

इथे पत्त्याचा प्रश्न संपला होता आणि शेअरिंगचा सुरू झाला होता. दोन वेगळी दुखणी एकावर एक बसली होती. सर्व्हरवरचं फोल्डर पाच वर्षांपासून पासवर्डशिवाय उघडं होतं, कुणीही यावं. विंडोज ११ ची २०२४ साली आलेली २४एच२ आवृत्ती प्रो मशीनवर असं बिनओळखीचं येणंजाणं मुळातच नाकारते. लॅपटॉपवर नेमकी तीच होती. विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये फेरफार करून हे परत चालू करता येतं आणि बहुतेकजण तेच करतात. मी केलं नाही. पेढीचा सगळा हिशोब ज्या फोल्डरात आहे ते वायफायचा पासवर्ड माहीत असलेल्या कुणालाही उघडता यावं, हे मुळात मीच पाच वर्षांपूर्वी करायला नको होतं. सर्व्हरवर टॅलीसाठी वेगळा युजर काढला, त्याला पासवर्ड घातला, फोल्डरवरचे हक्क त्यालाच दिले आणि प्रत्येक मशीनवर तो युजर-पासवर्ड एकदा साठवून ठेवला.

यात एका ठिकाणी पाय अडकतो ते सांगून ठेवतो. सर्व्हरवर रोज लॉगिन करायला चार आकडी पिन असेल तर लोक नेटवर्कवरून मागितल्यावरही तोच पिन घालत बसतात. पिन फक्त त्या मशीनसमोर बसलेल्यासाठी असतो, नेटवर्कवरून पासवर्डच लागतो. मालकांनी तीनदा पिन घातला, चौथ्यांदा माझ्याकडे बघितलं.

डब्यावरचे उरलेले पोर्ट मी इन्सुलेशन टेपने बंद केले आणि वर मार्करने लिहिलं, 'इथे काही लावू नये'. डब्याचं वायफाय तसंच ठेवलं, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या मोबाइलसाठी; त्यावरून पेढीच्या मशीनपर्यंत पोचता येत नाही ही आयती सोय झाली. जुना राऊटर काढून सगळं डब्यावरच न्यायचं का, असं मालकांनी विचारलं. नेता आलं असतं, पण मग सर्व्हर आणि प्रिंटरचे पत्ते बदलावे लागले असते आणि उद्या कनेक्शन बदललं की परत पहिल्यापासून. आपले पत्ते आपल्या राऊटरने वाटावेत.

निघताना सर्व्हरचं बोललो. त्याच्यावर विंडोज १० आहे, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, मशीन बदलायला हवं. मालकांनी कॅलेंडरकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मार्च एंड होऊ दे, मग बघू."

मॅडमनी जीएसटीआर-१ दुसऱ्या दिवशी दुपारी भरला. फोन मामांनी केला, विचारायला की टेपवर धूळ बसलीय, पुसली तर चालेल का.